बिजाचं पाणी

बिजाबाबा झाडाजवळ गेले की आधी आपली सावली कुठं पडते ते पाहायचे. सावली खोडावर पडत असेल तर फेरा मारून पलीकडं जायचे, मगच कुऱ्हाड उचलायचे. मला उजेड असतानाच चंद्रपूरला परतायचं असायचं.

"बाबा, चला ना आता."

"तुमची गाडी डिझेलवर चालते, बाई. झाड थोडीच चालते!"

बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या, लाकडाचं पाणी साखरेच्या आजारावर देणारे म्हणून सगळे त्यांना बिजाबाबा म्हणत. मूल शहराच्या पुढं जंगलालगत त्यांचं गाव. मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वनस्पतींमधले औषधी घटक तपासते. चार वर्षं त्यांच्या मागं फिरून नमुने गोळा केले.

त्यांचा एक नियम कडक होता. एकदा एक बाई तापाचं औषध मागायला आली. बाबांनी विचारलं, "दवाखान्याची गोळी घेतली काय?" ती हो म्हणाली. "मंग मले नको विचारू. दोन औषधं एका पोटात भांडतात." मी हे वहीत 'समजुती' या मथळ्याखाली लिहून घेतलं आणि पान उलटलं.

त्यांना स्वतःला साखर होती. ते आरोग्य केंद्राच्या गोळ्या नेमानं घ्यायचे. बिजाचं पाणी का घेत नाही, असं विचारलं तेव्हा हसले. "वैदूले आपल्या हातचं औषध लागत नाई. दुसऱ्याच्या हातानं लागते."

पुढं आमच्या तपासणीत बिजाच्या अर्कानं पिष्टाची साखर होण्याचा वेग कमी केला. मी मुद्दाम जाऊन सांगितलं, "बाबा, तुमच्या लाकडात गुण आहे."

"मंग इतके वर्ष मी लोकायले खोटं पाजून राह्यलो होतो काय?"

हे परीक्षानळीतलं आहे, माणसावर पाहिलेलं नाही, हेही मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. आत जाऊन भिजवलेल्या लाकडाचं तांबूस पाणी घेऊन आले, भांडं माझ्या हाती दिलं आणि ओंजळ पुढं केली. "तुम्ही द्या, बाई. तुमच्या हातानं."

म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून मी ओतलं. गोळ्या सोडू नका, एवढं म्हणायचं राहिलं. नियम मला माहीत होता. माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

तीन महिन्यांनी ते जिल्ह्याच्या दवाखान्यात भेटले. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काळी पडून घोट्याच्या वर चढली होती. तरुण डॉक्टर भडकला होता. "गोळ्या काऊन सोडल्या, बाबा? कोणी सांगितलं?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "कोणीच नाई. लाकूडच कच्चं आणलं मी. गाभा भरला नव्हता."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. पाय गुडघ्याखाली कापला, तरी आठवड्यात ते गेले.

तेराव्याला मी गेले तेव्हा त्यांची सून शेजारणीला सांगत होती, "शेवटी शेवटी बुढ्याले लाकूडच वळखू येत नव्हतं." शेजारीण म्हणाली, "तरी लोक घेऊन जात होते, बाई!" दोघी हसल्या. आता तिथून कुणी पाणी नेत नाही.

त्यांच्या भांड्यातला लाकडाचा तुकडा मी मागून आणला आणि चिरून पाहिला. गाभा काठापर्यंत भरलेला होता. गावात जाऊन हे मी अजून सांगितलेलं नाही.