बल्गेरियन साहेबांच्या टेबलावर अडकलो

मंडळी, आत्ताच घरी आलोय. पोट तुडुंब भरलंय, पण तुम्हाला लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

इथे आखातात, सित्र्याच्या कामावर माझे साहेब स्तोयान, बल्गेरियाचे. त्यांची आई आलीय, म्हणून आज मला आणि बायकोला, सुनंदाला, उम्म अल हस्सम भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं होतं.

ताटात टाकायचं नाही, ही आपली शिकवण. पण मी ताट रिकामं केलं की साहेबांच्या आई, म्हणजे आजी, पुन्हा वाढायच्या. नको म्हणून मान हलवली, तर आणखीच वाढायच्या. "थोडं शिल्लक ठेवा ना," सुनंदा पुटपुटली.

मग राकिया आली, त्यांची घरची दारू. मी पुन्हा मान हलवली आणि आजींनी ग्लास काठोकाठ भरला. सगळे ग्लास उचलून माझ्या डोळ्यांत बघत थांबले. मी पंचशील पाळणारा माणूस. समोर साहेब, माझी रजा त्यांच्याच सहीवर. पिता येईना, उठताही येईना.

शेवटी म्हणालो, "साहेब, मी दारू घेत नाही. आमच्या धम्मात तसं शील आहे."

साहेबांनी आईला सांगितलं. त्या काहीतरी बोलल्या. साहेब मला म्हणाले, "आई विचारतेय, मग तू इतका वेळ हो का म्हणत होतास?"

त्यांच्याकडे मान आडवी हलवली की हो होतं.

आजींनी माझी आणि स्वतःची राकिया बाजूला सारली. आम्हा दोघांसाठी नव्या ग्लासांत ताक ओतलं आणि माझ्या डोळ्यांत बघून ग्लास उचलला.

टॅक्सीत सुनंदा म्हणाली, "आधीच तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

साहेबांच्या घरी तुम्हाला 'नाही' म्हणता येतं का हो?