हजेरीच्या कागदावर माझी सही

सोमवार, मे महिन्याचा दुसरा आठवडा. पांढुर्ण्याच्या कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. हजर: बारावीत जाणारी चौदा मुलं-मुली, शिकवणाऱ्या तरुण मॅडम, एक शिपाई आणि मी, म्हणजे त्या चौदांमधल्या एकीची आई.

कॉलेजनं सुट्टीत शाळकरी मुलांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग काढला होता. मुलीच्या शाळेत ब्युरेट, म्हणजे तोटीच्या मापनळ्या, कपाटात कुलूपबंद असतात, त्यामुळे तिला इथं यायचंच होतं. पंधरा दिवस संपले की दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि बारा दिवस हजेरी भरली तरच बसू देणार. सौंसरहून ती बसनं एकटी यायला तयार होती. मी तयार नव्हते. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मलाही सुट्टी होती. दोन बाटल्या पाणी, डबा, दुपट्टा, ओला रुमाल, ऊन लागू नये म्हणून कांदा. यादीवर खुणा करून आम्ही निघालो.

"काय मॅडम, तुमचीबी ॲडमिशन झाली का?" तिसऱ्या दिवशी कंडक्टरनं विचारलं. मुलीनं तोंड खिडकीकडं केलं.

व्हरांड्यात ऊन असायचं, म्हणून मी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. पण बसवत नव्हतं. तोटी फिरवताना तिचा हात हलला की मी अर्धी उठायची. मग घड्याळ, परतीची बस, पुन्हा घड्याळ.

हजेरीचा कागद मागच्या बाकापासून पुढं जायचा, म्हणून आधी माझ्याच हातात यायचा. नावांची यादी, समोर रिकामी चौकट. मुलीचं नाव दिसलं की मी सही करून कागद पुढं सरकवायची. प्रगतिपुस्तक, सहलीची परवानगी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळीकडं तिच्या नावासमोर आजवर माझीच सही. हात थांबलाच नाही.

पाचव्या दिवशी कागद मागं देण्याआधीच मॅडमनी तो वर धरला. "ही सही कोणाची?"

"माझी."

"ताई, इथं विद्यार्थ्याची सही लागते. या कागदानुसार चार दिवस तुम्ही हजर आणि मुलगी गैरहजर."

"आंटी फर्स्ट येऊन राहिली!" कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मी मात्र वजाबाकी करत होते. पंधरातून चार गेले, अकरा. एक दिवस कमी.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कशी सांगू? तू मागं बसून राहिली, तेच मला कसंतरी होऊन राहिलं होतं. वरून उभं राहून सांगू, का माझ्या मम्मीनं सही केली?"

मुलांचा गृहपाठ तुम्ही करू नका, असं दर सभेत पालकांना बजावणारी मीच.

मॅडमनी वाट काढून दिली. मुलगी ते चार दिवस वर्गात होती, सही चुकून आईनं केली आणि यापुढं आई वर्गात बसणार नाही, असं प्राचार्यांच्या नावे लेखी द्यायचं. परीक्षेच्या आधी अर्ज पोचला, तर चार दिवस धरले जातील.

सहाव्या दिवसापासून ती एकटी जाऊ लागली. "पोचली" एवढाच मेसेज यायचा. तो येईपर्यंत मी कपाटं लावली, गहू निवडला, चादरी धुतल्या, शाळेची जूनची कामं मांडून ठेवली. यादीतल्या सगळ्यावर खुणा झाल्या. अर्ज तेवढा दर दिवशी खालच्या ओळीत जात राहिला.

परीक्षा परवा आहे.

"मी लिहून देऊ का?" मघाशी तिनं विचारलं. "तू फक्त सही कर."

"राहू दे, मी लिहून राहिली ना!"

अर्जात चूक कबूल करून झाली आहे. ते वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. पण "यापुढं मी वर्गात बसणार नाही" ही ओळ अजून कागदावर आलेली नाही, आणि तिची बस उद्या सकाळी साडेसातला आहे.