दोराच्या पलीकडची बाजू

त्या माणसाला सगळा नदीकाठ वेढेमामा म्हणायचा, आणि नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. हातात सुतळी आली की समोर दिसेल त्याला वेढे घालायचे, ही मामांची खोड. किटलीचा कान पोळतोय, घाल वेढे. छत्रीची मूठ निसटतेय, घाल वेढे. शेजारच्या लोहाराच्या चष्म्याची दांडी मोडली, तेव्हा मामांनी तिला असे काही वेढे घातले की पुढे काचा फुटल्या, चौकट गंजली, पण दांडी काही जागची हलली नाही. लोहार म्हणायचा, "मामांसमोर फार वेळ स्वस्थ बसू नये बाबा. उठताना पाय मोकळे असतील याची खात्री नाही."

ही झाली गंमत. मामांचा खरा धंदा दोर मढवण्याचा. जाड दोर पाण्यात राहिला, दगडावर घासला, कडीत अडकून ओढला गेला, की त्याचे पदर आधी केसाळतात, मग एकेक करून तुटतात. म्हणून दोरावर आधी डांबरात भिजवलेल्या जाड कापडाची पट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर सुतळीचे वेढे घालायचे, वेढ्याला वेढा चिकटून, असे घट्ट की पाण्याच्या थेंबाला आत शिरायला वाट सापडता कामा नये. ऐकायला सोपं आहे. करून बघा एकदा. हाताने ओढून ओढून बोटं सोलवटतात आणि वेढे मात्र सैल ते सैलच राहतात. माणसाच्या बोटांत तेवढा जोरच नाही.

तो जोर होता मोगरीत.

दिसायला ती कपडे धुवायच्या मोगरीची धाकटी बहीण. लाकडाचं आखूड डोकं आणि हातभराहून थोडा कमी दांडा. वेगळेपण इतकंच की हिच्या डोक्याच्या पोटाला एक लांब पन्हळ कोरलेली होती, आणि घोड्यावर खोगीर बसावं तशी ती पन्हळ दोरावर चपखल बसायची. सुतळी दोरावरून निघायची, मोगरीच्या डोक्याला वळसा घालायची, दांड्याभोवती एकदोनदा फिरायची आणि मग आपल्या गोळ्याकडे जायची. एवढी मांडामांड केली आणि दांडा धरून मोगरी दोराभोवती गरागरा फिरवायला लागलं, की बघत राहावं. सुतळी दांड्यावर अडायची, डोक्यावर ताणायची आणि दोरावर उतरताना करकचून अशी बसायची की जणू दोर तिला घेऊनच जन्माला आलाय. एक फेरा, एक वेढा. मोगरी आपली आपण पुढे सरकत जायची आणि तिच्यामागे काळ्या, गुळगुळीत नळीसारखा मढलेला दोर तयार होत जायचा.

रस्त्याने जाणारी माणसं कामं विसरून उंबऱ्याशी उभी राहायची.

"मामा, आत स्क्रू वगैरे आहे का हो हिच्या?"

"कसला स्क्रू? लाकूड आहे नुसतं."

"मग एवढं घट्ट कोण करतं?"

मामा मोगरी उलटी करून तिचं पोट दाखवायचे. वडिलांच्या हातून आलेली ती, पन्हळ झिजून आरशासारखी झालेली. "ही करते. मी काय, दांडा धरून हिच्यामागे चालतो." हे सांगताना मामांच्या तोंडावर असं नवल असायचं की विचारणाऱ्याला वाटावं, यांनीही ही मोगरी आजच पाहिली.

आणि दोराच्या पलीकडे मामी उभ्या असायच्या.

मामींबद्दल मामा काही बोलत नसत. बोलण्यासारखं होतं काय? मोगरी फिरते तिच्याबरोबर सुतळीचा गोळाही दोराभोवती फिरवावा लागतो, नाहीतर सुतळीला पीळ चढून गुंता होतो. मोगरी वरून आली की गोळा वरून, मोगरी खालून गेली की गोळा खालून. ते काम पूर्वी मामांचा धाकटा भाऊ करायचा. तो कशावरून तरी रुसून मावशीकडे निघून गेला, त्याच आठवड्यात मामी लग्न होऊन घरात आलेल्या. "अगं, जरा धर एवढं," म्हणून मामांनी गोळा त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता. भाऊ परत आला, त्याचंही लग्न झालं, पोरंबाळं झाली, गोळा मामींकडेच.

दोघांचा संसार त्या दोराच्या अल्याडपल्याड झाला. मुलीचं लग्न ठरवायचं, छपराची गळती, सासूबाईंचं दुखणं, सगळी खलबतं मोगरीच्या तालावर. भांडण झालं तरी दोर थांबायचा नाही. लोहार भाता ओढता ओढता कान लावून बसायचा आणि सांगायचा, "मोगरी भराभर फिरायला लागली की समजावं, मामांची बाजू लंगडी आहे."

तर झालं असं. नदीवर पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला असायचा आणि तराफेवाला तो हाताने ओढत ओढत माणसांनी भरलेला तराफा पलीकडे न्यायचा. दोर जुना झाला म्हणून त्याने नवा आणून मामांच्या अंगणात टाकला.

"मामा, लोक म्हणतात नायलॉनचा घे, मढवायची कटकट नको. मी म्हटलं, वेढेमामा आहेत तोवर हाच. फक्त नदीला पाणी चढायच्या आत द्या."

"आणि नाही दिला तर?" मामांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं.

"तर मग नायलॉन. नाइलाज आहे. पण मग तुमच्या दारात दोर आणणार कोण? माझ्याशिवाय गिऱ्हाईक उरलंय का दुसरं?"

बोलणं थट्टेतलं होतं, पण खरं होतं. मामांनी दोन खांबांमध्ये मावेल तेवढा दोर कंबरेइतक्या उंचीवर ताणून बांधला आणि कामाला लागले.

अर्धा दोर झाला आणि मामांच्या उजव्या हाताने दगा दिला. हात थरथरायला लागला. आधी चहा सांडला, तेव्हा मामांनी खापर कपावर फोडलं. "बूडच वाकडं आहे याचं." मग कुलपात किल्ली जाईना, तेव्हा कुलूप वाईट. पण मोगरीला नाव कसं ठेवणार? दांड्यावर हाताची पकड एकसारखी नसली की सुतळी कधी ताणते, कधी सुटते. एक वेढा कडक तर दुसरा ढिला. मामींनी ते कधीच पाहिलं होतं. त्या गोळा जरा ओढून धरायला लागल्या. मामांना वाटायचं, आज हात बराय.

एका सकाळी मामांनी कामावरून अंगठा फिरवला आणि दोन वेढ्यांच्या मध्ये त्यांचं नख शिरलं. मामा जागीच थांबले. त्यांनी मढवलेल्या दोरात नख शिरलंय, असं आजवर कधी झालं नव्हतं. जिथे नख शिरतं तिथे पाणी शिरतं. वरून दोर झकास दिसतो, आतून कुजतो आणि भर नदीत माणसांसकट तुटतो.

मामांनी मोगरी दोरावरून उतरवली आणि पायरीवर जाऊन बसले.

"आणू दे त्याला नायलॉन."

"आणू दे की," मामी म्हणाल्या. "आणि तुम्ही काय करणार? लोहाराला वेढे घालत बसणार?"

मामांनी डाव्या पंज्याने उजवा दाबून धरला होता. मामींनी गोळा खाली ठेवला. खरंच ठेवला. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "इकडे आणा ती."

"काय?"

"मोगरी."

"तुला?"

"का? चावते का ती?"

मामांना हसावं की रडावं कळेना. पण नदी काही कोणासाठी थांबणार नव्हती. त्यांनी बिघडलेला सगळा भाग उसवला, जिथवर काम चोख होतं तिथे सुतळी पक्की करून कापली, तिथूनच नव्या सुतळीचं टोक लावून दिलं आणि मामींना आपल्या जागेवर उभं केलं. ती जागा म्हणजे दोराच्या उजेडाकडच्या अंगाला. मामांचे वडील तिथेच उभे राहायचे. तिथली जमीनसुद्धा पायांनी खोलगट झालेली. मामा स्वतः पलीकडे गेले आणि त्यांनी गोळा उचलला.

"हं, चालू दे. मी आहेच."

ते कसले आहेत! मोगरी वरून आली तेव्हा मामांनी गोळा खालून घातला. मोगरी खाली गेली तेव्हा हात वर. दुसऱ्या फेऱ्याला गोळा सुटला, घरंगळत बाकाखाली गेला, तो काढायला मामा वाकले तर सुतळी त्यांच्याच घोट्याभोवती. लोहार कुंपणावरून ओरडला, "बघा रे, आज वेढेमामांनाच वेढे!" ते सोडवून मामांनी वर पाहिलं तोवर मामींनी वीतभर दोर मढवलेला होता. मामांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अगं अगं अगं! पिळाबरोबर चाललीस तू!"

दोराला एका बाजूने पीळ असतो. वेढे घालायचे ते त्याच्या उलट्या बाजूने. पिळाबरोबर घातले, तर दोराला ओढ लागून पीळ हलला की वेढे आपोआप उकलायला लागतात. या घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही एवढं ठाऊक.

"इतकी वर्षं बघतेयस, आणि एवढं नाही कळलं?"

"बघतेय म्हणूनच," मामी सावकाश म्हणाल्या. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या, मग पलीकडे मामांकडे, मग परत हाताकडे. "माझ्याकडे येते ती."

"कोण येते?"

"मोगरी हो. दोरावरून नेहमी माझ्याकडे येते. तुम्ही तिकडून ढकलता, मी तिला येताना बघते. माझ्या डोळ्यांना तेवढंच माहीत आहे. तुमच्या जागेवर आले तरी हात तिला माझ्याकडेच ओढतोय."

"मग उलटी ढकल, झालं."

"नाही जमायचं. सरका तिथून. मी माझ्या जागेवर जाते."

"अगं, पण मोगरी धरणारा नेहमी या बाजूला—"

"असं दोराने सांगितलं का तुम्हाला?"

मामा सरकले. चुकीचं काम उसवलं. मामी वळसा घालून आपल्या जुन्या जागेवर गेल्या, मामा आपल्या जुन्या जागेवर आले. फरक एवढाच झाला की मोगरी आता मामींच्या हातात होती आणि गोळा मामांच्या.

मामींनी मोगरी वरून आपल्याकडे ओढली. आणि सुतळी करकरली.

तो आवाज मामांनी झोपेतही ओळखला असता. चांगला कसलेला वेढा बसताना सुतळी एक बारीक, कोरडा आवाज करते. त्यांच्या वडिलांच्या हातून तो यायचा, त्यांच्या हातून यायचा, आणि गेल्या कित्येक दिवसांत तो आला नव्हता. परत आला. पुन्हा आला. एकामागून एक यायला लागला. मामा जिथे उभे राहून आयुष्यभर काम केलं तिथेच उभे होते, समोर तीच मोगरी तशीच फिरत होती, वरून पलीकडे, खालून अलीकडे, आणि तिच्या दांड्यावर त्यांचा हात नव्हता.

"गोळा ढिला पडतोय. जरा ओढून धरा!"

मामांनी ओढून धरला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. गोळ्यातून हाताला जी ओढ लागत होती, ती काही थोडीथोडकी नव्हती. मोगरी घट्ट करते खरी, पण पलीकडून कोणीतरी धरून ठेवतं म्हणून. मनगट भरून आलं त्यांचं. हा गोळा एवढी वर्षं बाई वरखाली करत होती आणि वर घरातलं भांडणही जिंकत होती!

कापडाच्या पट्टीवर पट्टी चढते तिथे दोर किंचित फुगतो. मामा सांगणार होते, की तिथे अंगठा दांड्यावर दाबून फेरा हळू घ्यायचा. त्यांनी तोंड उघडायच्या आतच मामींचा अंगठा दांड्यावर दाबला गेला आणि मोगरी मंदावली.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी? कधी?"

"रोज. तोंडाने नाही."

लोहाराने भाता थांबवून कान दिला, पण ऐकायला काही मिळालं नाही. नुसती सुतळी करकरत होती.

पाणी चढायच्या आत दोर पुरा झाला. वरून डांबराचा हात दिला, वाळवला. तराफेवाला आला, त्याने दोरावर जागोजाग नख खुपसून पाहिलं, मग काठी मारली. लाकडावर मारल्यासारखा ठणठणीत आवाज आला.

"मामा, हात अजून तसाच आहे तुमचा!"

"अर्धाच," मामा म्हणाले.

तराफेवाल्याला वाटलं, म्हातारा लाजतोय. तो खो खो हसला.

दोर दोन्ही काठांना बांधला गेला त्या दिवशी मामा आणि मामी तराफ्यावर बसायला गेले. मामांना पाण्यावर भोवळ यायची, म्हणून एवढ्या वर्षांत ते त्या तराफ्यावर चढलेच नव्हते. आज चढले. तराफेवाला दोर ओढायला लागला, तसे मामा कडेला गेले, डोळे मिटले आणि सरकत्या दोरावर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा टेकवला.

आता मामांचा अंगठा म्हणजे काय, तर कोणताही मढवलेला दोर द्या, नुसता हात फिरवून ते सांगत, हा अमक्याच्या हातचा, हा तमक्याच्या. वडिलांचं काम त्यांना अंधारात कळायचं. भावाने कधीमधी केलेलं तर नाक मुरडूनच. दोर अंगठ्याखालून जात राहिला. मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी अंगठा जरा दाबला, मग बोटं लावली.

"काय शोधताय, मामा?" तराफेवाल्याने विचारलं.

"माझा हात कुठे संपला ते."

"म्हणजे?"

मामांनी अंगठा आणखी जरा दाबला. मामी पलीकडच्या कडेला बसून पाण्याकडे बघत गालातल्या गालात हसत होत्या. दोघांच्या कामाचा सांधा कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. विचारलं असतं तर सांगितलंही असतं.

तराफा काठाला लागला. माणसं उतरली, मागच्या माणसाने सायकल उतरवली. मामांनी डोळे उघडले. नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच एक काळा दोर ताणलेला होता. आपल्याला पाण्यावर भोवळ येते, हे त्यांना आठवलंसुद्धा नाही.

"परत एकदा ने रे," मामा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटून अंगठा दोरावर ठेवला.