गप्प राहायची पद्धत

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही लायसन्स काढून करून घेतलं होतं. कुवेतच्या अब्बासियातल्या आमच्या गल्लीत लहान मुलांची नर्सरी आहे हे सरकारला माहीत होतं, म्हणून सरकार आमच्याकडेच यायचं. मुफत्तिश, म्हणजे तपासनीस, आत शिरला की आधी आग विझवायचा सिलिंडर बघायचा, मग बाथरूमच्या कड्या, मग आमची हेल्थ कार्डं. एकदा त्याने बाळांच्या खोलीतल्या पडद्याची दोरी बोटाला गुंडाळून बघितली आणि ती लांब आहे असा शेरा मारला. मी त्याच्यासमोरच कात्री आणून दोरी कापली. कापताना मनात एकच होतं, की याने एकदा आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन तिथल्याही दोऱ्या बघाव्यात.

तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बरोब्बर डोक्यावर, काकू राहायच्या. चिपळूणच्या. नवरा अर्दियाला एका गोदामावर कामाला आणि काकू त्याच्या व्हिसावर, म्हणजे कायद्याने त्यांना कसलीच नोकरी करायची परवानगी नाही. पण हॉलमध्ये सतरंजी अंथरून त्या पाच-सहा मुलं सांभाळायच्या. ना कार्ड, ना कॅमेरा, ना सिलिंडर. नर्सरी माझ्या बिल्डिंगच्या समोरच, गल्ली ओलांडली की गेट, त्यामुळे आमच्या गेटवर चौकशी करून गेलेली आई तासाभराने काकूंच्या जिन्याकडे वळताना मला दिसायचीच.

"मी काय शाळा काढल्ये का ताई? शेजारधर्म म्हणून बघत्ये," असं त्या मला लिफ्टमध्ये सांगायच्या. शेजारधर्माचे दर महिन्याला दिनार मिळतात हे मला कुवेतला आल्यावरच कळलं.

मी बोलायची, भेटेल त्याच्याशी बोलायची. चहाच्या सुट्टीत, भाजीच्या दुकानात, सांगलीला बहिणीशी फोनवर. "बंद दाराआड काय चालतं कोण जाणे," हे माझं ठरलेलं वाक्य. मूल पडलं तर? रडू नये म्हणून सर्दीचं औषध पाजून झोपवलं तर? काकू असलं काही करत होत्या असं मला एकदाही दिसलं नव्हतं, पण दिसलं नव्हतं हाच तर माझा मुद्दा होता. माझा नवरा कंटाळून म्हणायचा, एक फोन कर आणि मोकळी हो. फोन केला असता तर त्यांना सरळ विमानात बसवलं असतं. तसं मला नको होतं. काकूंनी जावं असं मला वाटत नव्हतं, त्यांच्याकडची मुलं माझ्याकडे यावीत एवढंच वाटत होतं. आणि त्यासाठी सरकारी खातं नाही.

माझ्या जळजळीला कारण होतं. मी सांभाळायची ती बाळांची खोली बंद पडायच्या बेताला आली होती. मोठी मुलं येत, कारण आईबापांना पुढच्या शाळेसाठी इंग्रजी पाहिजे असतं. पण वर्षाच्या आतबाहेरची बाळं एकेक करून फ्लॅटांमध्ये निघून गेली. आमची वेळ दुपारपर्यंत, लायसन्सवर छापलेली, आणि हॉस्पिटलांच्या ड्यूट्या काही आमच्या लायसन्सला विचारून लागत नाहीत. नर्सरीची मालकीण कुवेती. तिला आम्ही मॅडम म्हणायचो. ती स्वभावाने चांगली, पण तिने स्पष्ट सांगितलं होतं: एवढी कमी बाळं राहिली तरी कशीबशी खोली चालवू, आणखी एक गेलं तर ईदनंतर खलास.

खोली खलास म्हणजे अम्मा खलास. अम्मा आंध्रातल्या कडप्याकडची, बाळांच्या खोलीतली मदतनीस. तिचा अकामा, म्हणजे राहायचा परवाना, नर्सरीच्या नावावर होता. खोली गेली की काम नाही, काम नाही की परवाना नाही. गावी तिची मुलगी नर्सिंग शिकत होती आणि तिचं सगळं शिक्षण त्या खोलीवर चाललं होतं.

आता त्या एका बाळाबद्दल. आई नाशिकची, हॉस्पिटलात नर्स. वडील तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, आठवडा आठवडा साइटवर. आईची मॉर्निंग ड्यूटी असेल तर बाळ आमच्याकडे, आफ्टरनून किंवा नाइट लागली की काकूंकडे. एकच मूल, दोन घरचं पाहुणं. आई स्वभावाने गरीब, पण डोळे सतत झोपेला आलेले. संध्याकाळी काकू तिला व्हिडिओ पाठवायच्या. बाळ खिमट खातंय, बाळ टाळ्या वाजवतंय, बाळ नुसतंच बसलंय. आमच्याकडे फोन ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. मुलांचे फोटो काढायचे नाहीत असा नियम आहे आणि मला तो पटतोही.

न्यायला आली की ती रोज विचारायची, "ताई, आज काय केलं हिने?"

मी सांगायची: खाल्लं, झोपली, दोनदा शी. याच्यापलीकडे न सांगण्याची आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. मी नवीन लागले तेव्हा माझ्या वरच्या बाईने मला ती शिकवली. ती म्हणाली होती, पहिलं पाऊल, पहिला दात, पहिला शब्द, आपल्यासमोर झालं तरी ते झालं नाही असं समजायचं. आईला सांगायचं, आता होईल हं एक-दोन दिवसांत, लक्ष ठेवा. मग ते आईसमोर होतं आणि आईला वाटतं हे पहिलं. बाळाला काय, त्याला पहिलं-दुसरं कळत नाही. मला ही पद्धत इतकी आवडली होती, की मी पुढे प्रत्येक नव्या मदतनिसाला ती अभिमानाने शिकवली. अम्मालासुद्धा मीच शिकवली.

ते बाळ आमच्याकडे चाललं. सकाळची वेळ होती, अम्मा खाली बसून लाळेरी घडी करत होती. बाळाने बुटक्या कपाटाची कड सोडली आणि तीन पावलं टाकून धप्पकन अम्माच्या मांडीवर बसलं. अम्मा तेलुगूतून ओरडली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मग आम्ही दोघी आवाज न करता हसलो.

दुपारी आई आली. "आज काय केलं हिने?"

"जेवली छान. आणि शुक्रवारी घरात जरा मोकळी जागा करून ठेवा, चालेल असं वाटतंय."

"शुक्रवारी माझी नाइट आहे हो ताई," ती म्हणाली. "दिवसा झोपून निघते."

ते मी धरलंच नव्हतं. आमच्या पद्धतीत आईला सुट्टी असते.

रविवारी सकाळी ती गेटवर आली ती फोन पुढे करूनच. व्हिडिओत काकूंचा हॉल, मागे कुकरची शिट्टी, आणि बाळ दिवाणापासून टीव्हीपर्यंत तुरुतुरु येतंय. काकूंचा आवाज, "आली गो बाय माझी, आली." नाशिककरीण म्हणाली की वॉर्डातल्या बाथरूममध्ये जाऊन तिने तो पुन्हा पुन्हा बघितला आणि रडली. मग तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "ताई, ईदपासून तिला काकूंकडेच ठेवायचं म्हणतोय आम्ही. दोन ठिकाणी तिची ओढाताण होते. त्या रात्रभरही ठेवून घेतात. आणि तिथे काय चाललंय ते मला दिसतं तरी."

माझं झालं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी म्हटलं, "बघा तुम्हाला काय सोयीचं ते."

त्यानंतरचे दिवस मी घरात नीट बसले नाही. कपाटं आवरायला काढली आणि अर्धवट सोडली. भात दोनदा लागला. ज्या आठवड्यात आईची आफ्टरनून ड्यूटी असे तेव्हा संध्याकाळी वरून पावलं ऐकू यायची, धावणाऱ्या मोठ्या मुलांची आणि मध्येच एखादी बारीक, थांबून थांबून पडणारी. ती कोणाची हे मला ओळखू यायचं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायची. नवरा म्हणाला, तुझ्या अंगात वारं शिरलंय. काकू एकदा जिन्यात घावन-चटणीची ताटली घेऊन उभ्याच. "व्हिडिओ बघितलात ना हो? मी नुसती रडल्ये." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांना ते पहिलंच वाटत होतं, आणि त्यांच्यावर धड चिडताही येईना. घावन मी खाल्लं. उत्तम झालं होतं, त्याचाही राग आला.

मॅडमला कळवलं तेव्हा तिने हात झटकले आणि ईदनंतर खोली बंद, हे पक्कं झालं. अम्माला मीच सांगितलं. ती बाळांच्या चादरी वाळत घालत होती.

"टीचर, आप सिस्टर को बोलो ना. पहले इधर चला. मैं देखा, आप देखा."

"नको अम्मा. तिला मिळालंय ते आपण कशाला काढून घ्यायचं?"

अम्माने चादर झटकली. "आपका अकामा हस्बंड से हो जाएगा. मेरा?"

मी आत जाऊन उगाचच खेळणी पुसत बसले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी गेटवर पोचले तेव्हा अम्मा आणि नाशिककरीण आधीच बोलत होत्या. हॉस्पिटलची बस कोपऱ्यावर उभी होती. बाळ आईच्या कडेवर. मला बघून अम्मा गप्प झाली आणि तिच्या चेहऱ्यावरून काय बोलणं झालं ते मला समजलं.

"ताई," आई म्हणाली, "अम्मा म्हणतात ती आधी तुमच्याकडे चालली होती. खरं का?"

अम्मा माझ्याकडे बघत होती. नाही म्हणावं तर ही बाई खोटी पडते, आणि तिच्या पोटावर पाय आलेला असताना. हो म्हणावं तर त्या फोनमधला व्हिडिओ आजपासून नुसता एक व्हिडिओ होतो. मला अम्माचा राग आला, काकूंचा आला, ड्यूट्या लावणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो उत्तर मलाच द्यावं लागतंय याचा.

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. "कधी?"

"दोन दिवस आधी. तीन पावलं टाकली. अम्माकडे."

"मी विचारलं होतं तुम्हाला. आज काय केलं म्हणून."

"आमच्याकडे पद्धत आहे तशी. पहिलं आईने बघावं म्हणून आम्ही सांगत नाही." तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ते भिंतीवरच्या नोटिशीसारखं ऐकू आलं.

तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. बसने हॉर्न दिला. ती चिडलेली नव्हती. पेशंटला विचारावं तशा सरळ आवाजात तिने विचारलं, "अजून काय काय सांगितलं नाहीत?"

मी आणि अम्माने एकमेकींकडे बघितलं. होतं एक. चालण्याच्या कितीतरी आधी, दुपारच्या झोपेतून उठताना ते बाळ पहिल्यांदा स्पष्ट बोललं होतं. दाराकडे हात करून नाही, खिडकीकडे बघून नाही. अम्माच्या ओढणीचं टोक मुठीत धरून ते म्हणालं होतं, "अम्मा." आणि नंतर रोज म्हणत होतं. आई न्यायला आली की अम्मा मुद्दाम मागच्या खोलीत जायची, म्हणजे गेटवर ती हाक निघायला नको.

"काही नाही," मी म्हटलं.

तिने अम्माकडे बघितलं. खोली जाणार होती, परवाना जाणार होता, मी तिच्यासाठी काहीएक करू शकले नव्हते. अम्माला जे काही उरलंसुरलं बोलायचं असेल त्याची हीच वेळ होती.

"और कुछ नहीं, सिस्टर," अम्मा म्हणाली.

नाशिककरणीने बाळ आमच्याकडे दिलं नाही. बसच्या ड्रायव्हरला थांबायची खूण केली आणि गल्ली ओलांडून आमच्या बिल्डिंगमध्ये शिरली, काकूंकडे. बाळ तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं, आणि अम्मा सवयीने गेटच्या आड झाली.

ईदनंतर बाळांच्या खोलीत मोठ्या मुलांची घसरगुंडी आली आणि अम्मा कडप्याला गेली. ती नर्स काकूंकडे जाता-येता मला अजून लिफ्टमध्ये भेटते, हसते, बोलते, पण मुलीबद्दल मला काही विचारत नाही. आम्ही तिच्यापासून काहीतरी लपवलं असं तिला वाटतं, आणि तिचं बरोबर आहे.