भिंतीवरचा आकडा

शिवगंगाचा राग दुधासारखा उतू जात नाही. विस्तवासारखा राखेखाली धुमसत राहतो. अख्ख्या हुपरीला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पेपरच्या कचेरीत बसणाऱ्या राजवर्धनला.

शिवगंगा गावची आशाताई. दारोदार फिरून टीबीचे पेशंट शोधायचे, गोळ्या पोचवायच्या आणि कुणाला काय झालंय ते पोटात ठेवायचं, हे तिचं काम. उन्हाळ्यात राजवर्धन ‘ताई, ताई’ करत आला. बातमी आली की गोळ्यांचा तुटवडा मिटेल, म्हणाला. बाई भुलली. त्याला टीबीच्या गोळ्या खाणाऱ्या पवित्राच्या दारात घेऊन गेली. बजावलंही, “वळख दिसायची न्हाय हां.”

पेपरातल्या फोटोत त्याने पवित्राचा चेहरा झाकला. मोठा शहाणा! मागच्या भिंतीवर शिवगंगानेच सर्वेक्षणात गेरूने घातलेला घराचा आकडा मात्र ठळक छापला. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला घर कळलं. पवित्राकडे पैंजणाच्या कड्या जोडायला बसणाऱ्या बायका उठून गेल्या, त्यात शेजारची बायडाबाई पहिली. पवित्राने दार लावून घेतलं आणि गोळ्या सोडल्या. शिवगंगा रोज कडी वाजवायची. आतून नुसता खोकला यायचा. पोरगी अशीच जाणार, या भीतीने शिवगंगाला घास गोड लागेना.

तिने राजवर्धनला फोन केला, तर तो म्हणाला, “चेहरा झाकला होता की!” तेव्हापासून तिने त्याच्यावर दात धरला.

दसऱ्याच्या आधी त्याचाच फोन आला. आणखी एक बातमी करायची होती, मदत हवी होती. शिवगंगाच्या जिभेवर साखर आली. “या की पावणं! लई मोठी बातमी हाय.”

तो आला. तिने आधी त्याचा मोबाईल मागून घेतला. “बायका बुजत्यात,” म्हणत पिशवीत टाकला, आणि त्याला नेऊन नेमकं त्याच दारासमोर भर उन्हात उभं केलं. आकडा कुणीतरी घासघासून पुसायला बघितलं होतं. भिंतीचे पोपडे निघाले होते, आकडा तसाच होता. तो बघून राजवर्धनचं तोंड उतरलं.

“ये गं बायडाबाई, समद्याच या! फोटूवालं आल्यात!” शिवगंगा ओरडली. बायका जमल्या. “सांगा पावणं, ह्या घराचं तुमी काय केलासा? मोठ्यानं सांगा.”

“ताई, चूक झाली माझी...”

“माझ्याकडं काय बघतायसा? दाराकडं तोंड करा!”

तो दाराकडे वळला आणि पुन्हा तेच म्हणाला, घाम पुसत, सगळ्यांदेखत. शिवगंगाला इतकं बरं वाटलं, की सणाची पुरणपोळीही तिला कधी एवढी गोड लागली नव्हती. बायडाबाईने तेवढी मान खाली घातली.

आतली कडी सरकली. फटीतून दोन खोल गेलेले डोळे दिसले.

“अक्का, ह्योच व्हय त्यो?”

“ह्योच.” शिवगंगाने झटकन चपलेसकट पाय फटीत घातला आणि गोळ्या पुढे केल्या.

पवित्राने त्या घेतल्या. राजवर्धनवरची नजर न काढता एकेक गोळी पाण्याबरोबर गिळली.

“उद्या बी आण ह्याला,” ती म्हणाली. “ह्यो हितं उन्हात उभा दिसला तरच खाईन.”

राजवर्धन कसनुसं हसला. “ताई, उद्या ऑफिस आहे मला.”

शिवगंगाने त्याचा मोबाईल पदराने पुसून त्याच्या हातात ठेवला.

“सक्काळची गाडी हाय की कोल्हापुरास्नं. डाक्टर म्हणत्यात, गोळ्या पयल्यापास्नं सुरू करायच्या. सा म्हैनं.”