वहिनींचा टिकलीचा अर्ज

नियम मोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, नियम पाळणारीही थोडीफार पाहिली. पण नियमाच्या दारात जाऊन ‘माझ्यासाठी काही आहे का?’ असं विचारणारं माणूस एकच पाहिलं. आमच्या समोरच्या वहिनी. ब्रॉसार्ड या आमच्या परदेशातल्या, बर्फाळ गावात गल्लीच्या तोंडाशी थांबायची पाटी आहे. तिथे चारी दिशांना चिटपाखरू नसलं तरी वहिनी गाडी थांबवून तोंडाने ‘एक, दोन, तीन’ म्हणतात आणि मगच वळतात. झाडांवर लाल पानं अजून शाबूत असताना यांचे बर्फात चालायचे विंटर टायर चढलेले असतात. दही संपलं की डबा साबणाने धुऊन, पुसून, वरचं लेबल सोलून मगच रिसायकलिंगमध्ये जातो. आमच्या घरची ताटं इतकी स्वच्छ नसतात. एकदा दारातला बर्फ फावड्याने शोव्हल करताना त्यांचा बर्फ आमच्या हद्दीत पडला, तर ‘सॉरी हं भावजी’ म्हणत त्यांनी तो परत नेला. त्यात आमचाही थोडा गेला. संध्याकाळी तेवढा आणून टाकला.

मूळच्या त्या कराडजवळच्या एका खेड्यातल्या. पुण्यात गणित शिकल्या, शिकवलं, आणि इथे येऊन चाळिशीत इथली सरकारी भाषा, फ्रेंच, शिकल्या. त्यांच्या फ्रेंचमध्ये सगळे शब्द नियमानुसार असतात, फक्त हेल कराडचा असतो. त्या जोरावर त्या सरकारी शाळेत बदली शिक्षिका झाल्या. कधी कुणी आजारी, कधी कुणी बाळंतपणाच्या रजेवर. सहा वर्षं या वर्गातून त्या वर्गात. मुलं त्यांच्यावर खूश होती, पण जूनमध्ये निरोप घेताना ‘पुढच्या वर्षी तुम्हीच ना?’ असं एखादं पोर विचारायचं आणि वहिनी घरी येऊन धुतलेले डबे पुन्हा धुवायच्या. शेवटी एकदाची चौथीच्या वर्गाची कायमची नोकरी चालून आली. पेढे आमच्याकडे आधी आले, कागद नंतर.

कागदांत एक अट होती. इथल्या कायद्याप्रमाणे सरकारी शाळेतल्या शिक्षकाने धार्मिक चिन्ह अंगावर घालायचं नाही. खाली फक्त सही करायची होती. दुसऱ्या कुणी केली असती आणि चहाला बसली असती. वहिनींनी मात्र टिकली हे धार्मिक चिन्ह आहे काय, याचा खुलासा व्हावा, असा लेखी अर्ज मुख्याध्यापिका बाईंना दिला! त्यांची लेक कपाळावर हात मारून म्हणाली, “ममा, नोबडी आस्क्ड यू!” “म्हणून तर विचारलं,” वहिनी म्हणाल्या.

मंगळसूत्राचा निकाल तिथल्या तिथे लागला. “तुमची लग्नाची अंगठी, तसं हे,” वहिनींनी सांगितलं आणि बाईंनी मान डोलावली. टिकलीपाशी गाडी अडली. सहा वर्षं बाईंना ती दिसत होती, पण तिला काही अर्थ असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. आता अर्ज आला म्हटल्यावर उत्तर देणं भाग होतं. “मॉं द्यू!” त्या म्हणाल्या, म्हणजे ‘अरे देवा!’ शाळेत देवाचं नाव घेतलेलं चालतं का, हेही वहिनींनी लगे हात विचारून घेतलं. बाईंनी त्यांच्या हातात एक कोरा कागद दिला. टिकली का लावता ते शुक्रवारपर्यंत लिहून द्या. श्रद्धा असेल तर काढावी लागेल, नसेल तर राहू द्या.

तो कागद घेऊन वहिनी गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे आल्या. माझ्या फ्रेंचवर त्यांचा विश्वास नाही, प्रिंटरवर आहे. मी म्हटलं, “त्यात काय! फॅशन म्हणून लावते, लिहा.”

“खोटं लिहू?”

“मग खरं काय आहे?”

वहिनींनी कोरा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, “खरं लिहिलं तर टिकली राहील हो, भावजी. श्रद्धा कुठली आलीय? लहानपणी आईनं कपाळावर गोंदवून घेतलंय माझ्या. पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा मुली हसायला लागल्या. गावठी, गावठी म्हणून. तेव्हापासनं वर टिकली. आईनं हौसेनं केलेलं मी तीस वर्षं झाकतीय, हे लिहू? आणि ते फाइलला लावून ठेवणार?”

त्यांनी नखाने टिकली काढली आणि आमच्या प्रिंटरवर चिकटवली. खाली हिरवट, मसुराएवढा ठिपका होता. इतक्या वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता. मला त्या कायद्याचा मनापासून राग आला, आणि माझ्या ‘फॅशन’ या शब्दाची लाजही वाटली.

शुक्रवारी वहिनींनी कागद कोराच परत दिला; बाईंनी तो ठिपका पाहून म्हणे “अजून एक?” असं विचारलं. गोंदलेलं चालतं, ते काही घातलेलं नसतं, असं वहिनींनीच कलम वाचून सांगितलं. सही झाली. चौथीचा वर्ग मिळाला.

पण आठवडाभर त्यांनी आईला तोंड दाखवलं नाही. व्हिडिओ बंद आहे, वायफाय गेलंय, अशा थापा मारल्या, वहिनींनी! रविवारी सकाळी त्या पोह्यांचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला आणि गडबडीत नको तिथे बोट लागलं. पडद्यावर म्हातारीचा चेहरा आला आणि एकदम घाबरा झाला.

“अगं, कपाळ मोकळं का? जावईबापू बरं हायत न्हवं?”

“बरे आहेत गं. शाळेत टिकली चालत नाही. काढली.”

म्हातारीने फोन डोळ्यांजवळ नेला. आम्हाला नुसता तिचा चष्मा दिसत होता.

“आगं बाई, हाय की,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू पुण्याला जाऊन गोंदण पुसून टाकलंस. म्हणून कधी इचारलं न्हाई.”

 प्रश्न विचारल्याशिवाय एक दिवस न काढणाऱ्या या बाईची आई तीस वर्षं एकच प्रश्न पोटात ठेवून होती. वहिनींनी फोन कपाळाजवळ धरला आणि तसाच धरून ठेवला. पोहे गार झाले. प्रिंटरवरची टिकली परत न्या म्हणून मी दोनदा सांगितलं, पण त्या अजून आलेल्या नाहीत.