आईच्या माहेरचं कोणी विचारलं नाही

माझा चेहरा, गळा अधूनमधून सुजतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आजवर ज्यांच्याकडे गेले ते सगळे डॉक्टर ॲलर्जीच्या गोळ्या देऊन मोकळे झाले. आजच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा दुर्मिळ आनुवंशिक आजार वाटतो. घरात कोणाला होता?

आई नेहमीसारखंच म्हणाली, "आमच्या घराण्यात कोणालेच नाही."

"आणि तुमच्या माहेरी?"

आई म्हणाली, "माझा भाऊ गळा सुजूनच गेला. पण ते तर दुसरं घराणं झालं न, बाई."

परत येताना ऑटोत एवढंच म्हणाली, "मले माहेरचं कोणी विचारलंच नाही वं."

मामाचा फोटो लहानपणापासून आमच्या भिंतीवर आहे. तो कसा गेला, हे मलाही आजच कळलं.

तुमच्या आईला कधी विचारलंय?